मधल्या माणसाचा पगार

शेअर बाजाराबद्दलची माझी मतं कुणी विचारत नाही, म्हणून मी ती सगळ्यांना सांगत असतो. पहिलं मत सट्ट्याबद्दल. आमच्या कोपऱ्यावरचा सलूनवाला एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या हातात फोन धरून ऑप्शनचे, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैज लावायचे, सौदे करतो. "काका, आज बँकांचे कॉल ऑप्शन उचला, अगदी डोळे मिटून," असं तो सांगतो, तेव्हा मी डोळे मिटूनच बसलेलो असतो आणि गळ्यावर वस्तरा असल्यामुळे वाद घालत नाही. गेल्या वर्षी त्याने दुकानातली तिसरी खुर्ची विकली. आता गिऱ्हाइकं बाकावर ताटकळतात आणि तो म्हणतो, बघा, धंदा कसा वाढलाय. याला मी गुंतवणूक म्हणत नाही.

दुसरं मत असं की शेअर घेतला की ठेवावा, आणि ठेवला की त्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचावा, नुसती चित्रं बघू नयेत. शेअर घेतलेला माणूस मालक असतो. चिमूटभर असेल, पण मालक. हे मी आता सहासष्टाव्या वर्षी कुणाला सांगायला लागलो की लोक घड्याळात बघतात. सांगून सांगून मलाही थकवा आलाय. पण जित्याची खोड, मेल्याशिवाय कशी जाईल!

तिसरं मत मोठ्या साहेबांच्या पगाराबद्दल. त्याचीच ही हकिगत आहे, आणि त्यात माझ्या बहिणीचे गुडघे आहेत.

मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. छत्तीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासले, शिक्के मारले, शिव्या खाल्ल्या. बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. धाकट्या बहिणीचा नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि पंख्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. त्याला एकवीस वर्षं झाली. पाती, मोटर, दांडी आणि स्क्रूची पुडी खोक्यात बसवायची, टेप मारायची, खोकं पुढे ढकलायचं. दिवसाला अडीचशे खोकी, आणि सगळी उभ्याने. पॅकिंगला स्टूल देत नाहीत, बसलं की हात मंदावतो म्हणे.

त्या कारखान्याचे चारशे शेअर माझ्याकडे आहेत. ती जिथे राबते ती कंपनी चांगली चालावी आणि त्यात आपलाही एक डोळा असावा, एवढ्याच हिशेबाने मी ते थोडे थोडे करून घेतले. दुसऱ्या कुठल्या कंपनीत मी पैसा घातला नाही. सलूनवाल्याच्या मते ही घोडचूक आहे.

तर तिचे गुडघे. दोन्ही झिजलेत. जिना ती आडवी होऊन, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते, आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील, आधी उजवा. खर्चाची काळजी नव्हती, कारण कायम कामगारांचा दवाखान्याचा विमा कंपनी भरते. फक्त तारीख घ्यायची होती. पण बाईसाहेब तारीख घेईनात. आधी म्हणाली, उन्हाळ्यात जखम चिघळते. उन्हाळा सरला तर म्हणाली, ऑर्डरींची घाई आहे. मी चिडायचो. एकदा तर म्हणालो, "तुझ्याशिवाय जगातले पंखे फिरायचे थांबणार आहेत का?" ती हसली आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर पाय पसरून बसली.

आता पगाराकडे वळतो. कंपनीच्या अहवालात मागच्या बाजूला, जिथे कुणी जात नाही तिथे, एक आकडा असतो. सगळे कायम कामगार पगाराप्रमाणे एका रांगेत उभे केले, सगळ्यात कमीवाला या टोकाला आणि सगळ्यात जास्तवाला त्या टोकाला, तर बरोब्बर मधल्या माणसाचा जो पगार, त्याच्या कितीपट मोठ्या साहेबांचा पगार आहे, तो आकडा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकशे अठरा होता. म्हणजे मधल्या माणसाने आज कामाला लागून एकशे अठरा वर्षं घाम गाळावा, तेव्हा साहेबांचं एक वर्ष भरायचं. माझी बहीण तर मधलीही नाही, ती रांगेत बरीच अलीकडे.

साहेबाला जास्त मिळू नये असं माझं म्हणणं नाही. डोक्याचं काम आहे, जोखीम आहे, मान्य. पण साहेब काय पंख्याला चौथं पातं लावतो? ज्या वर्षी नफा घटला त्या वर्षीही त्याचा पगार वाढला आणि अहवालात लिहिलं, 'बाजारातील कठीण परिस्थिती लक्षात घेता'. कठीण परिस्थितीत कुणाचं काय वाढतं हे मला दुकानदारांनी छत्तीस वर्षं शिकवलं होतं.

म्हणून मी वार्षिक सभेत प्रश्न विचारायला लागलो. नऊ वर्षं, दर सभेला, एकच प्रश्न: हे गुणोत्तर वाढतं आहे, ते खाली कधी आणणार? आधी सभा हॉलमध्ये व्हायची. लोक भाषणं करायचे ती अध्यक्षांच्या तब्येतीबद्दल, अहवालाच्या मुखपृष्ठाच्या रंगाबद्दल आणि खाऊच्या खोक्यात यंदा काय होतं त्याबद्दल. मग मी उठायचो. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणायचं, "आले गुणोत्तर काका." हे नाव मला कंपनी सेक्रेटरीने दिलं असावं असा माझा संशय आहे. माणूस सभ्य, सभेच्या आदल्या आठवड्यात न चुकता फोन करायचा: "काका, यंदा काय विचारणार?" मी म्हणायचो, "तुम्हाला पाठ असेल." उत्तरही मला पाठ होतं, 'सन्माननीय भागधारकांच्या सूचनेची नोंद घेतली आहे'. पालथ्या घड्यावर पाणी. आकडा एकशे एकतीस झाला, मग एकशे साठ, मग दोनशे चौदा. मतदानात माझी चारशे मतं विरोधात पडायची आणि अहवालाचा ठराव अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी मंजूर व्हायचा.

मग यंदाचा अहवाल आला. मी नेहमीप्रमाणे आधी मागचं पान उघडलं आणि चष्मा पुसून परत बघितलं. एकशे एकोणचाळीस.

दोनशे चौदावरून एकशे एकोणचाळीस! साहेबांचा पगार बघितला तर तो कमी झालेला नव्हता, उलट किंचित वाढलेला. मग मला जास्तच आनंद झाला. याचा अर्थ वरचा खाली आला नाही, खालचा वर आला. मधल्या माणसाचा पगार वाढला होता, आणि तोही थोडाथोडका नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. बहीण बसून शेंगा निवडत होती.

"काय गं, पगार बराच वाढला वाटतं तुमचा? बोलली नाहीस."

"जेवढं काम तेवढं मिळतं," ती म्हणाली.

"पण आधीपेक्षा बरं ना?"

"मिळतंय की, दादा."

मी ते हो समजलो. छत्तीस वर्षं ज्याने दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघितलं, त्याने त्या दिवशी ना तोंड नीट बघितलं ना काटा. अहवालाचं पुढचं पान मी उलटलंच नाही. नऊ वर्षांत हे एकदाच घडलं, कारण नऊ वर्षांत माझ्या मनासारखा आकडा एकदाच आला होता.

सभेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "यंदा नको बोलूस."

"तुझ्या सुपरवायझरला घाबरतेस? अगं, यंदा मी भांडणार नाहीये. आभार मानणार आहे."

 तिने कूकरची शिट्टी काढून धुवायला घेतली.

सभा आता कॉम्प्युटरवर असते. माझं नाव पुकारलं, माइक चालू करा म्हणाले, तीन मिनिटं सुरू झाली. कॉलरचा शर्ट घालून, खाली लुंगी नेसून, मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. म्हटलं, मी नऊ वर्षं या कंपनीला बोल लावले, आज हात जोडतो. ज्यांनी स्वतःचा पगार आणखी कितीही वाढवून घेतला असता तर कुणी अडवलं नसतं, त्यांनी शेवटच्या माणसाकडे बघितलं. इतर कंपन्यांनी हा धडा गिरवावा.  अध्यक्ष म्हणाले, "गुणोत्तर काकांकडून शाबासकी मिळाली, आता आम्हाला दुसरा पुरस्कार नको." सगळ्या छोट्या छोट्या चौकोनांत माणसं हसली. मीही हसलो. त्या वर्षी मी पहिल्यांदा ठरावाच्या बाजूने मत दिलं.

त्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी बहिणीला न विचारताच हॉस्पिटलात गेलो. म्हटलं, तारीख आपणच घेऊन टाकू, मग बघू कशी टाळते. तिचं विम्याचं कार्ड डब्यात असतं, ते नेलं. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा टाकला.

"हे कार्ड जानेवारीपासून बंद आहे, काका."

"असं कसं होईल? ती रोज कामावर जाते."

"जात असतील. पण कंपनीच्या यादीत त्यांचं नाव नाही."

मी तिला सांगितलं, तुमच्या मशिनमध्ये चूक असेल. तिने कंटाळून स्क्रीन माझ्याकडे वळवला. बहिणीचं नाव होतं, जन्मतारीख होती, आणि पुढे लिहिलं होतं, 'सेवेत नाही'.

घरी येऊन मी बूट न काढता अहवाल उघडला आणि जे पान तेव्हा उलटलं नव्हतं ते उलटलं. कायम कामगारांची संख्या गेल्या वर्षी अकराशे ऐंशी. यंदा पाचशे नव्वद. खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'पॅकिंग, उपाहारगृह, सफाई व सुरक्षा ही कामे बाह्य सेवापुरवठादाराकडे सोपवण्यात आली आहेत.' म्हणजे खालच्या पगाराची अर्धी रांगच कापून कंत्राटदाराकडे पाठवली होती. उरलेल्या रांगेतला मधला माणूस आता एखादा इंजिनिअर असणार. त्याचा पगार चांगला असतोच. कुणाचाच पगार वाढला नव्हता.

ही युक्ती मला ठाऊक नव्हती असं नाही. लबाड दुकानदार मालाच्या पारड्याला कधी हात लावत नाही. तो वजनाच्या बुडातलं शिसं काढतो आणि वरचा शिक्का तसाच ठेवतो. अशी वजनं मी पोत्यांनी जप्त केली होती. आणि इथे मी स्वतः उभा राहून शिक्का मारून आलो होतो.

मी सेक्रेटरीला फोन लावला. तो नेहमीसारखाच आदराने बोलला, याचाच मला जास्त राग आला.

"काका, तुम्हीच तर मागत होतात. बोर्डात दरवर्षी तुमचा प्रश्न वाचला जायचा. शेवटी अध्यक्ष म्हणाले, हे गुणोत्तर एकदाचं खाली आणा. आता साहेबांचा करार पाच वर्षांचा, तो काही बदलता येत नाही..."

"म्हणून माणसं बदललीत?"

"माणसं तीच आहेत, काका. त्याच टेबलावर आहेत. फक्त हजेरीपट वेगळा. खर्चही वाचतो, भागधारकांचाच फायदा आहे त्यात. तुमचाही." जरा थांबून तो म्हणाला, "तुमचे आभार इतिवृत्तात घेतलेत आम्ही. शब्दशः."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी नऊ वर्षं हात दाखवत होतो.

संध्याकाळी बहीण आली. जिन्यात तिची चाहूल लागल्यापासून ती दारात पोचायला नेहमी चार मिनिटं लागतात. त्या दिवशी मला ती संपता संपेनात. दारात तिने पिशवी टेकवली. टेबलावर विम्याचं कार्ड आणि उघडा अहवाल बघितला आणि ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"कळलं का?" ती म्हणाली.

"जानेवारीपासून?"

"जानेवारीपासून. कागद दिला, सही घेतली. ओळखपत्र निळं होतं ते पिवळं झालं. पगार खोक्यांवर. बाकी टेबल तेच."

"मला का नाही सांगितलंस?"

ती बोट ठेवून टेबलावरची एक भेग चाचपत बसली. मग म्हणाली, "सुपरवायझरने आम्हाला उभं करून सांगितलं. म्हणाला, कंपनीचा इलाज नाही, शेअरवाल्यांची तक्रार आहे. त्यात एक म्हातारा आहे, तो दरवर्षी छळतो. बाया म्हणाल्या, मेल्याला काही कामधंदा नसेल. मी म्हटलं, नसेल."

 मला तिची माफी मागायची होती, पण नुसतं माफ कर म्हणणं इतकं स्वस्त वाटलं की ते बोलवेना. मला स्वतःचीच किळस आली. नऊ वर्षं मी ज्या रांगेची बाजू घेऊन बोलत होतो त्या रांगेत ती उभी होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की काय बोलू.

"सांगितलं असतं तर तू जेवला नसतास," ती म्हणाली. "आणि मग ते पुस्तक आलं, तू नाचायचाच तेवढा बाकी राहिलास. म्हटलं, असू दे. दोघांपैकी एकाला तरी झोप लागू दे."

"शेअर विकतो मी," मी म्हणालो. "सगळे. उद्याच. चारशे शेअरांत एक गुडघा होतो, मी हिशेब केलाय."

"कुठला?"

"उजवा."

ती हसली. मला हसू आलं नाही.

"सगळे नको विकूस," ती म्हणाली. "तिथे बोलायला किती लागतात?"

"शेअर? एक पुरतो."

"मग एक ठेव. माझ्या नावावर कर."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता. खोक्यात पाती सारखी बसली नाहीत की ती सगळं बाहेर काढून परत लावायला घेते, हे मला तिच्या बरोबरच्या बायांनी सांगितलं होतं; तेव्हा तिचा चेहरा असाच होत असणार.

"अगं, कंत्राटदाराला कळलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतील तुला."

"गुडघा बदलला की दोन महिने घरी राहायचंय. कंत्राटात रजा नसते, दादा. पहिल्याच आठवड्यात माझ्या जागी दुसरी उभी असेल. म्हणून तर तारीख ढकलत होते मी. आता एकवीस वर्षं काय नि गेट काय." तिने वाकून चपलांचे पट्टे सोडवायला घेतले, तेही तिला एका दमात जमेना. "किती वेळ देतात?"

"तीन मिनिटं."

"उभं राहून?"

"नाही. आता घरूनच असतं. बसून बोलायचं."

"मग बरंय."

मी खाली बसून तिच्या चपला काढल्या. गुडघ्यापाशी पाय सुजून लाल झाले होते. मी म्हणालो, "सभेला अजून वर्ष आहे. मी तुला सगळं लिहून देतो. आकडे, कलमं, सगळं मुद्देसूद. तू फक्त वाचून दाखव."

"नको दादा," ती म्हणाली. "तुझं त्यांनी ऐकलं, तेवढं पुरे."